कडी लावून केलेली चोरी

१

मामांनी चहाच्या खोलीत येऊन सांगितलेली बातमी खरी ठरली असती, तर पक्षी केंद्रात त्या दिवशी कुणीही काम केलं नसतं.

"सापडला! अरे, आपला कालवफोड्या सापडला!"

चहाची घंटा वाजत होती आणि मामा दारात उभे होते. सत्तरी गाठलेल्या माणसाने जिन्यावरून धावू नये, हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. धाप लागलेली, चष्मा कपाळावर आणि डोळे पाण्याने भरलेले. "जिवंत आहे! खाडीकाठच्या एका शाळामास्तरांचं पत्र आलंय. आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत पेटीत पडलं. दुर्बिणीतून वाळ्याचा नंबर वाचलाय त्यांनी. तीस वर्षांपूर्वीचा वाळा! पक्षी मामीने धरला होता आणि वाळा मी घातला होता. मामी कुठाय?"

मामी तिथे नव्हत्या, पण संचालक होते. ते कप हातात घेऊनच उठले. पाठोपाठ टपालबाई उठली. सहसंपादक उशिरा आले, त्यांना दारातच कुणीतरी बातमी सांगितली आणि सगळी वरात मामांच्या खोलीकडे निघाली.

या केंद्राचं काम तसं सोपं. पक्षी हळूच पकडायचा, पायात नंबर कोरलेला वाळा घालायचा आणि सोडून द्यायचा. पुढे कधीतरी, कुठेतरी, कुणाला तरी तो दिसतो आणि तो माणूस केंद्राला ईमेल लिहितो. या ईमेलना मामा पत्रंच म्हणत, म्हणून सगळं केंद्र पत्रं म्हणे. ती मामांच्या पेटीत येत, आणि मामा त्यांतून वर्षाचा अहवाल तयार करत. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी संपादकाची खुर्ची त्यांचीच होती, कारण एखाद्या आकड्यावर संशय आला की मामा जेवण सोडत पण आकडा सोडत नसत. तीस वर्षं जगलेला, वाळा घातलेला पक्षी मात्र केंद्राने आजवर पाहिला नव्हता.

मामांनी पेटी उघडली. यादी आली. शेवटचं पत्र कालचं होतं.

त्यांनी पुन्हा उघडली. वर गेले, खाली आले.

"इथेच होतं," मामा म्हणाले. मग जरा हळू, "इथेच होतं."

सहसंपादकांना सगळे पुरावेकर म्हणत, कारण त्यांचं कुठलंही वाक्य 'पुरावा काय?' या प्रश्नावर येऊन थांबे. आज ते तो प्रश्न विचारायला धजले नाहीत, हेच मामांना जास्त लागलं असावं. मामांनी वाळ्याचा नंबर धडाधड म्हणून दाखवला. "मामा," पुरावेकर हळूच म्हणाले, "नंबर तर तुम्हाला सगळेच पाठ आहेत."

संचालकांनी हातातला कप उगाचच टेबलावर ठेवला आणि परत उचलला.

२

दुपारी मामा संचालकांच्या खोलीतून बाहेर आले ते थेट टपालबाईच्या टेबलापाशी.

टपालबाई म्हणजे केंद्राचा मेल सर्व्हर सांभाळणारी इंजिनियर. चाळिशीची, तोंडाने फटकळ, मनाने लोणी. नोकरीला लागली तेव्हा या सर्व्हरची एकेक कमांड तिला मामांनीच शिकवली होती, कारण तो बसवला तेव्हा केंद्रात त्यातलं कळणारी दोनच माणसं होती, मामा आणि मामी.

"साहेब भला माणूस आहे," मामा म्हणाले. "म्हणाले, विश्रांती घ्या. मीच म्हटलं, शुक्रवारच्या बैठकीत मी स्वतः सांगतो, आता माझ्याने होत नाही."

"मामा! एका पत्रासाठी?"

"अगं, मी ते पत्र वाचलंय. शब्द न् शब्द सांगतो तुला. पण ते नाहीये. ज्याला नसलेली पत्रं दिसतात, त्याच्या हातात लोकांच्या नोंदी द्यायच्या? मी साहेबांच्या जागी असतो तर दिल्या नसत्या."

"थांबा. मी शोधते."

"नको शोधूस," मामा म्हणाले. "जाऊ दे."

ते गेले आणि टपालबाई बघतच राहिली. एका आकड्यासाठी जगाशी भांडणारा माणूस आज 'जाऊ दे' म्हणाला होता. इतकी कशी हार खाल्ली यांनी, असं तिला वाटलं. पत्र आलंच नसेल तर मामांचं डोकं फिरलं होतं. आलं असेल तर तिच्या सर्व्हरने ते गिळलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती देवाला विनवत होती की बाबा, चूक माझीच निघू दे.

जाता जाता ती नमुन्यांच्या खोलीत डोकावली. मामी खिडकीपाशी बसून पिशव्या शिवत होत्या. पक्षी वजनकाट्यावर ठेवायच्या आधी त्याला मऊ कापडी पिशवीत ठेवतात, म्हणजे तो शांत राहतो. निवृत्त झाल्यापासून केंद्राच्या सगळ्या पिशव्या मामीच शिवत आणि त्या निमित्ताने रोज मामांबरोबर येत. त्यांच्यासमोर जुना संगणक होता. पूर्वी त्या यावरच नोंदी करत, आणि तो काढून टाकायला अजून त्यांनी कुणाला हात लावू दिला नव्हता.

"ये गं. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे?"

"बरा आहे, मामी. आता जिना चढते."

"चांगलं झालं." मामींनी दोरा ओवला. चेहरा उतरलेला होता. "ऐकलं मी सगळं. ते खरं सांगतायत हो. पत्र आलंच असणार."

"तुम्हाला कसं माहीत?"

"तीस वर्षं जगलेला पक्षी यांना भासात दिसणार नाही. भासात तरी माणूस जरा मोठी उडी मारेल. यांनी पन्नास सांगितली असती."

दोघी हसल्या. मग मामी बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. टपालबाई उठली तशी म्हणाल्या, "अगं, विचारायचं राहिलंच. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे?"

बिचारीचं मन थाऱ्यावर नाही, टपालबाईने विचार केला, आणि "बरा आहे" असं पुन्हा एकदा सांगितलं.

मग ती सर्व्हरच्या खोलीत गेली. दुसऱ्याचं पत्र ती कधी वाचत नसे, तो तिचा बाणा होता. पण कुठून पत्र आलं आणि कुणाच्या पेटीत पडलं एवढं सर्व्हर टिपून ठेवतो. तिने मामांच्या पेटीपुरत्या सकाळच्या ओळी काढल्या.

खाडीकाठच्या शाळेकडून आलेलं पत्र तिथे होतं. चहाच्या घंटेच्या जरा आधी मामांच्या पेटीत पडलं होतं.

"वेडे नाहीत हो मामा!" ती एकटीच मोठ्याने म्हणाली. पण त्याच्या वर आणखी एक ओळ होती. त्याच सकाळी मामांच्या पेटीत आणखी एक पत्र आलं होतं, तेही आता पेटीत नव्हतं. एक नाही, दोन पत्रं नाहीशी झाली होती. आणि दुसरं आलं होतं एका स्मृतिचिकित्सालयाकडून.

३

स्मृतिचिकित्सालय. म्हणजे मामांनी डोक्याची तपासणी करून घेतली होती. आणि निकाल आला होता.

टपालबाईने खुर्ची ओढली आणि पुढच्या ओळी वाचल्या. दोन पत्रांच्या मध्ये सर्व्हरने आणखी एक गोष्ट टिपली होती. पेटीवर जुनी कडी होती, ती काढून पत्र आत टाकलं.

आता ही कडी म्हणजे काय, ते सांगायला हवं. या जुन्या सर्व्हरवर एका माणसाची सगळी पत्रं एकाच लांबलचक फाइलमध्ये असतात, एकाखाली एक चिकटलेली. त्या फाइलमध्ये दोघांनी एकाच वेळी हात घातला तर सगळा गोपाळकाला होतो. म्हणून रीत अशी की पेटीत काही बदल करायचा असेल त्याने आधी पेटीशेजारी एक छोटीशी लॉक फाइल बनवायची. हीच कडी. ती दिसली की टपाल टाकणारा प्रोग्रॅम बाहेर थांबतो. काम झालं की कडी काढायची.

पण कडी लावणाराच मध्ये गचकला तर? वीज गेली, माणूस निघून गेला, तर पेटी जन्मभर बंद? म्हणून दुसरी रीत. कडीला पाच मिनिटं कुणाचा हात लागला नाही, तर ती बेवारस समजायची. टपालवाला ती काढून टाकतो आणि खुशाल आत शिरतो. ज्याला जास्त वेळ काम करायचं असेल त्याने आणखी एक कमांड सोडून ठेवायची असते, ती दर मिनिटाला कडीला हात लावून सांगत राहते, मी आहे, मी आहे.

म्हणजे झालं होतं ते असं. कुणीतरी हाताने कडी लावली, पेटीची नक्कल बाहेर काढली, त्यातून चिकित्सालयाचं पत्र कापलं. पण कडीला हात लावत राहिलं नाही. कडी बेवारस झाली. टपालवाल्याने ती काढली आणि मास्तरांचं पत्र आत टाकलं. ते मामांनी वाचलं. मग त्या कुणीतरी आपली कापलेली नक्कल पेटीवर आणून ठेवली, आणि त्या नकलेत मास्तरांचं पत्र असायचा प्रश्नच नव्हता.

"चोर आहे, पण घरंदाज आहे," टपालबाई पुटपुटली. ज्याला नुकसान करायचं असतं तो कडी लावत बसत नाही. पेटी पुसतो आणि जातो. हा चोर आपल्या हातून दुसऱ्या एकाही पत्राला धक्का लागू नये म्हणून जपत होता. चिकित्सालयाचं पत्र त्याने मुद्दाम नेलं, आणि पक्ष्याचं पत्र गेलं हे त्याला ठाऊकही नव्हतं.

मग तिने पाहिलं, की त्या वेळी सर्व्हरवर कोण आत होतं. नाव एकच होतं. मामांचंच.

४

शहाण्या माणसाने इथे थांबायला हरकत नव्हती. निकाल वाचवेना, म्हणून मामांनी तो स्वतःच कापला, आणि कापल्याचं विसरले. सगळं जुळत होतं. 'नको शोधूस' हेसुद्धा जुळत होतं.

पण टपालबाईला ते जुळणंच खुपत होतं. ज्या माणसाने तिला 'कडीला हात लावत राहा' हे इतकं घोकून घेतलं होतं, तो ते विसरेल? विसरला असेल तर मग खरंच सगळं संपलं. तिने पुन्हा ती ओळ काढली आणि या वेळी नाव सोडून पुढचं वाचलं. मामांच्या नावाने कुणी आत शिरलं होतं खरं, पण मामांच्या खोलीतल्या संगणकावरून नाही. नमुन्यांच्या खोलीतल्या जुन्या संगणकावरून. आणि बाहेर पडलं होतं चहाच्या घंटेनंतर.

घंटा वाजत होती तेव्हा मामा चहाच्या खोलीच्या दारात उभे राहून ओरडत होते. हे सगळ्यांनी पाहिलं होतं. एक माणूस दोन ठिकाणी असू शकत नाही, मग तो कितीही विसरभोळा असो.

संचालक तेव्हा कप घेऊन बसलेले. उशिरा आले होते ते पुरावेकर.

"बसा," टपालबाईने पुरावेकरांना सांगितलं. "मामांची खुर्ची हवी आहे का तुम्हाला?"

पुरावेकर लाल झाले. "सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगतो. हवी आहे. पण मामांनी उठून दिलेली हवी. त्यांना ढकलून रिकामी झालेली नको. आणि तुमची ती कडी का फिडी मला कळत नाही. मी मेल फोनवर बघतो, हे तुम्हीच सगळ्यांना हसून सांगता."

"मग चहाला उशीर का झाला?"

"पिशव्या आणायला नमुन्यांच्या खोलीत गेलो होतो."

"तिथे कोण होतं?"

"मामी. आणखी कोण असणार? संगणक चालू होता, हातात सुई, आणि खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. मी म्हटलं, मामी, चहाला चला. त्यांनी नुसती मान हलवली. बराच वेळ तशाच बसल्या असाव्यात, समोरचा पडदा काळा झाला होता." मग ते जरा हसले. "आणि हे बघा, तुम्हाला दाखवायचंच होतं. त्यातलीच पिशवी. शिवण बघा, एक टाका इकडचा तिकडे नाही. पण चारही बाजूंनी बंद! पक्षी घालायचा कुठून?"

टपालबाईने पिशवी हातात घेतली. चारही कडा नेटक्या शिवलेल्या होत्या. तोंड ठेवायचं राहून गेलं होतं.

"मामींना दाखवलीत?"

"दाखवली. म्हणाल्या, चष्मा बदलायला हवा."

५

दुसऱ्या दिवशी तिने खाडीकाठच्या शाळेत फोन केला. मास्तरांचा आवाज आनंदाने भरलेला होता. पत्र पाठवलं होतं, हो, पक्षी अजून तिथेच आहे, रोज ओहोटीला शिंपले फोडत बसतो, पत्र पुन्हा पाठवू का? आत्ता पाठवतो. पाठवलं. या वेळी ते मामांच्या पेटीत न टाकता टपालबाईने स्वतःकडे मागवलं.

मामांना धावत जाऊन सांगावं असं तिला वाटलं. पण सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, मग ते गेलं कुठे? आणि त्या प्रश्नाच्या टोकाला मामी बसलेल्या होत्या. मामांना वाईट निकाल वाचायला लागू नये म्हणून त्यांनी तो काढून घेतला, हे उघड होतं. नवऱ्याचं दुःख बायकोने पदराआड घेतलं, एवढीच चोरी. तिला राग आलाच नाही. पण एक गोष्ट तिच्या डोक्यातून जाईना.

कडी लावायची हे मामींना बरोबर आठवलं होतं. शेवटी काढायची हेही आठवलं असणार. मधली पायरी तेवढी गळली होती. पिशवीचंही तेच. शिवण पक्की आणि तोंडच नाही. आणि आईचा गुडघा? तो तर तिने स्वतःच्या कानांनी दोनदा ऐकला होता, आणि सोडून दिला होता.

टपालबाई खुर्चीत ताठ बसली. मामांनी नंबर धडाधड म्हटला होता. पत्राचा शब्द न् शब्द सांगायला ते तयार होते. या सगळ्या प्रकरणात मामा काय विसरले होते? काहीच नाही.

निकाल मामांचा नव्हताच.

ती नमुन्यांच्या खोलीत गेली तेव्हा मामी पिशव्या उसवत होत्या. तोंड नसलेल्या आणखी दोन सापडल्या होत्या.

"मामी, कडी काढायला गेलात तेव्हा संगणक काय म्हणाला?"

मामींची सुई थांबली. त्या म्हणाल्या, "म्हणाला, कडीच नाहीये. मला वाटलं, मी लावलीच नव्हती की काय. हल्ली मला स्वतःचा भरवसा नाही गं."

"तपासणी तुमची होती."

"माझी." मामींनी पिशवी मांडीवर ठेवली. "बहिणीकडे जाते म्हणून गेले आणि करून आले. तिथे विचारलं, घरच्यांचा पत्ता द्या, तर सवयीने यांचा देऊन बसले. मग रोज सकाळी इथे बसून यांच्या पेटीवर डोळा ठेवायची. ते आधी तळ्यावर चक्कर मारतात ना, तेवढा वेळ मिळतो. काल पत्र दिसलं. कापून बाजूला काढलं आणि वाचत बसले. वाचून झाल्यावर कुठे होते मला माहीत नाही. भानावर आले तेव्हा घंटा वाजत होती."

"मामा शुक्रवारी खुर्ची सोडतायत."

"माहीत आहे." मामींनी पिशवी पुन्हा हातात घेतली. "बोलले तर माझ्यापायी सोडतील. नाही बोलले तर स्वतःला वेडं समजून सोडतील. तू सांग, कुठल्या तोंडाने गप्प बसू आणि कुठल्या तोंडाने बोलू?"

टपालबाईने मामींच्या हातातली पिशवी घेतली आणि दोघी मिळून उसवायला लागल्या.

६

शुक्रवारची बैठक चहाच्या खोलीतच होती. संचालक, पुरावेकर, टपालबाई आणि मामा. मामांनी धुवट सदरा घातला होता, जणू सत्कार होता. ते बोलायला उठणार तेवढ्यात मामी आत आल्या आणि दाराजवळच्या बाकावर बसल्या.

"मामांच्या आधी मी बोलते," टपालबाई म्हणाली. तिने मास्तरांचं पत्र कागदावर छापून आणलं होतं. ते तिने टेबलावर ठेवलं. "पत्र आलं होतं. नंबर मामांनी सांगितला तोच आहे. पेटीवर कुणीतरी कडी लावून काम करत होतं, कडी जुनी झाली म्हणून सर्व्हरने ती काढली, आणि दोन हात एकमेकांवर पडले. पत्र त्यात गेलं. सर्व्हर माझा आहे, तेव्हा जबाबदारी माझी."

पुरावेकरांनी कागद उचलला, वाचला आणि ते उभेच राहिले. "मामा," एवढंच ते म्हणाले आणि मामांच्या पाया पडले. संचालक खुर्चीतून उठले. "मामा, मी तुमची क्षमा मागतो. ते बोलणं मी मागे घेतो. खुर्ची तुमचीच आहे. पण बाई, कडी लावली कुणी?"

"ते महत्त्वाचं नाही, साहेब."

"मी लावली," मामी बाकावरून म्हणाल्या. "आणि तिला हात लावत राहायचं विसरले. विसरते मी हल्ली. डॉक्टरांचं तसं पत्र आलं होतं, ते यांच्या हाती पडू नये म्हणून कापायला गेले, आणि पाखराचं पत्र घालवून बसले."

सगळ्यांनी मामांकडे पाहिलं. निर्दोष सुटलेल्या माणसाचा चेहरा तसा नसतो. पण आश्चर्यही त्यांच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. आणि तेव्हा टपालबाईला कळलं की या कोड्याचा एक तुकडा तिने मोजलाच नव्हता. त्या सकाळी मामांनी पेटी पहिल्यांदा उघडली तेव्हा कापलेली नक्कल अजून परत ठेवलेली नव्हती. म्हणजे मामांच्या समोर दोन्ही पत्रं होती.

"मामा, तुम्ही ते वाचलं होतं," ती हळू म्हणाली.

"वाचलं होतं," मामा म्हणाले. "आधी तेच वाचलं. त्या दिवशी तळ्यावर गेलो नव्हतो, अहवालाचं काम होतं. वाचलं आणि पुन्हा वाचलं. तेवढ्यात हे पाखराचं आलं. मला वाटलं, हे घेऊन धावत हिच्याकडे जावं. एवढं चांगलं काहीतरी पहिल्यांदा सांगावं, मग दुसऱ्याचं बघू. वाटेत तुम्ही भेटलात. परत येऊन पाहतो तर दोन्ही नाहीत."

"म्हणून शोधू नकोस म्हणालात," टपालबाई म्हणाली.

"तू एक शोधलं असतंस तर दुसरंही सापडलं असतं." मामांनी चष्मा काढला आणि तो पुसायला रुमाल सापडेना, म्हणून तसाच हातात धरून राहिले. "पाखरू खोटं असेल तर ते पत्रही खोटं, असा हिशोब केला मी. मीच भ्रमिष्ट झालोय, हिला काही झालेलं नाही. चार दिवस मी मजेत वेडा होतो, साहेब. फार स्वस्तात सुटलो असं वाटत होतं."

मामी उठून त्यांच्यापाशी आल्या. पुरावेकर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"चार दिवस एका घरात राहून बोलला नाहीत?"

"तू तरी कुठे बोललीस?"

"मला वाटलं, तुम्ही खुर्ची सोडाल."

"आता नाही सोडत. पण साहेब, माझ्या खोलीत हिच्यासाठी एक टेबल हवं. नमुन्यांच्या खोलीत एकटी बसायची नाही ती यापुढे."

संचालकांनी नुसती मान हलवली.

"आणि मी सगळं विसरले तर?" मामींनी विचारलं. "काम, कमांडा, सगळं?"

"मी सांगेन."

"तुम्हाला विसरले तर?"

मामांनी त्यांचा हात हातात घेतला. इतक्या वर्षांत केंद्रातल्या कुणीही त्यांना चारचौघांत असं करताना पाहिलं नव्हतं.

"मग रोज सकाळी येऊन माझी ओळख करून देईन. तुला मी आवडेपर्यंत बसेन समोर. पहिल्या वेळीही तसंच बसलो होतो, तुला आठवतंय का?"

"आठवतंय," मामी म्हणाल्या. "अजून आठवतंय."